बाजारातून गेलेली बोट

समुद्रात माणूस वाट चुकतो तो जवळ नकाशा नसल्यामुळे, असा एक समज आहे. मोजणीसाहेबांकडे नकाशे तीन होते. एक टॅबमध्ये, एक लॅपटॉपमध्ये आणि एक डोक्यात. त्यामुळे ते तिप्पट चुकले.

मोजणीसाहेब हे काही त्यांचं बारशाचं नाव नव्हे. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यावर मूळ नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. निवृत्तीनंतर लोक फिरायला जातात, कुंड्यांना पाणी घालतात, सुनेच्या चुका काढतात. साहेबांना सून नव्हती. त्यांनी बोट घेतली, आणि तीही शिडाची. बावीस फूट लांब, एक डोलकाठी, एक शीड, आणि खाली एक खोली, जिच्यात मान आणि ताठा दोन्ही वाकवल्याशिवाय बसता येत नसे. लोक बोटीला नाव देतात. साहेबांनी नंबर दिला आणि त्याच्याखाली पांढऱ्या रंगात लिहून घेतलं, ‘पोटहिस्सा नाही’.

बोट घेणं सोपं असतं, ती बांधून ठेवायला धक्क्यावर जागा मिळवणं अवघड. बंदरात अशी एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी चाचणी फेरी द्यावी लागणार होती. अर्जदार आणि एक सोबती यांनी धक्क्यावरून निघायचं, समुद्रात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालायचा आणि दुपारी दोनच्या आत परत यायचं. जमलं तर जागा तुमची. नाही जमलं तर ती प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, आणि बोट विकणाऱ्याला परत. बोट परत गेली तर आपण घरात नुसते बसून राहू आणि दुपारी चारला चहाची वाट बघणारा एक म्हातारा होऊ, ही भीती साहेबांनी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला तर नाहीच नाही.

प्रतीक्षायादीतला पुढचा माणूस त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. ते दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे बोट नव्हती. आधी जागा, मग बोट, असा त्यांचा हिशेब. माणूस मनाने अतिशय चांगला, पण जन्मभर तोंड उघडं ठेवलेल्या लोकांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरचा उत्तर देऊ शकतो हेच त्यांच्या लक्षात राहत नसे. जिन्यात भेटले की सल्ला सुरू.

“समुद्रात हिरड्या सुजतात, साहेब. मिठाच्या हवेनं. आणि नकाशावर फार विसंबू नका. मी एकदा फेरीबोटीनं गेलो होतो, त्यात नकाशा होता. तरी उलटी झालीच.”

“नकाशाचा आणि उलटीचा काय संबंध?” असं साहेब म्हणेपर्यंत डॉक्टर दोन पायऱ्या खाली गेलेले असत.

बंदर कचेरीतल्या मॅडमनी अर्ज पाहिला आणि पेन एका रकान्यावर ठेवलं. “दिशादर्शक साधन. इथे तुम्ही ‘टॅब’ लिहिलंय. टॅब या रकान्यात नाही.”

“मग काय आहे?”

“होकायंत्र, दुर्बीण, इतर.”

“मग इतर समजा.”

“इतर म्हणजे काय ते लिहायला जागा नाही.”

साहेबांना राग यायला हवा होता, पण मनातून त्यांना बाईंबद्दल आदरच वाटला. एकतीस वर्षं त्यांनीही लोकांना हेच सांगितलं होतं, फक्त खिडकीच्या पलीकडून. शेवटी मॅडमनी नियमांची वही उघडली आणि तोडगा काढला. इतर साधन चालेल, पण ते लाकडी फळ्यावर कायमस्वरूपी बसवलेलं असावं आणि फेरी संपल्यावर त्यातली नोंद कचेरीत दाखल करावी. फेरी शिडावर किंवा वल्ह्यांवरच व्हायला हवी, म्हणून बोटीचं छोटं इंजिनही त्यांनी तिथल्या तिथे लाखेने सील करून टाकलं.

साहेब घरी आले. लाकडी फळा शोधू लागले. घरात लाकडी फळा एकच होता. तो स्वयंपाकघरात ओट्यावर होता आणि त्यावर एकवीस वर्षं भाजी चिरली जात होती. साहेबांनी बाजारातला सर्वांत जहाल गोंद आणला, टॅबच्या पाठीला फासला आणि वर दोन शब्दकोश ठेवले. संध्याकाळी टॅब फळ्याला असा चिकटला की पुढच्या जन्मीही तो फळ्यासकटच जन्माला आला असता. फक्त त्याला कांद्याचा वास यायचा.

“माझा फळा कुठाय?” बायकोने विचारलं.

“सरकारजमा झाला,” साहेब म्हणाले.

बायको पोस्टात होती. अठ्ठावीस वर्षं टपाल वाटून लावण्यात गेली, त्यामुळे गावातला प्रत्येक दरवाजा तिला पाठ. इमारतीत तिला सगळे पोस्टबाई म्हणत. नवराबायकोचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, आणि ते गाडीत व्हायचं. ती म्हणायची, हिरव्या शटरच्या दुकानावरून डावीकडे. साहेब म्हणायचे, शटर हा पुरावा नाही, उद्या रंग बदलेल. मग ते नकाशा बघून उजवीकडे वळायचे आणि कुणाच्या तरी गोठ्यात गाडी उलटी फिरवायचे. तरी फेरीला सोबती म्हणून अर्जात तिचंच नाव होतं. दुसरं कुणी यायला तयारच नव्हतं, हे एक कारण. आणि ती बरोबर असावी असं साहेबांना वाटत होतं, हे दुसरं. पहिलं कारण त्यांनी तिला सांगितलं होतं.

यंत्रांची मांडामांड लेकीने केली. ती दूर दुसऱ्या गावी नोकरीला. सुट्टीत दोन दिवस आली आणि बोटीचं सगळं लावून गेली. लॅपटॉपला एक छोटं यंत्र टोचलेलं होतं, त्याला आकाशातून जागा कळायची. टॅब मात्र स्वस्तातला. त्याला स्वतःची जागा स्वतःला कळत नसे. तो ती एखाद्या फोनला विचारून घ्यायचा, इंटरनेटवरून.

“बाबा, तुमचा फोन जोडू का?”

“मी फोनमध्ये माझी जागा बंद करून ठेवलीय. मोजणीखात्यातला माणूस आपली हद्द कुणाला फुकट सांगत नाही.”

“बरं, मग आईचा जोडते. ती असणारच आहे बोटीत.”

“जोड.”

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. साहेबांनी ठेवलं नाही.

फेरीच्या दिवशी सकाळी दहाला दोघं धक्क्यावर पोचली. डॉक्टरही आले होते, शेजारधर्म म्हणून. धक्का नीट पाहून घ्यावा, हेही होतंच. साहेबांनी लॅपटॉप कापडी कव्हरमध्ये घालून खोलीत ठेवला, फळा सुकाणूजवळ बांधला, आणि आपल्या फोनवर टॅबसाठी इंटरनेट चालू करून तो फोन भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या बरणीत घातला. बरणीचं झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टीचे सहा वेढे दिले. टॅब बाईच्या आवाजात बोलला, “प्रवास सुरू करा.”

“अहो, आधी मागचा दोर सोडा,” बायको म्हणाली.

“यंत्र म्हणालं, सुरू करा.”

“यंत्राला दोर दिसत नाहीये. मला दिसतोय. आणि वारा डावीकडून आहे, तर...”

“हे बघ,” साहेब म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी डॉक्टरांच्या देखत म्हटलं, ही खरी चूक. “दिशा सांगायला माझ्याकडे यंत्र आहे. तू सोबती आहेस. सोबत्याने फक्त सोबत करायची असते.”

बायकोने काही भांडण केलं नाही. पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली, धक्क्यावर पाय ठेवला आणि जाता जाता मागचा दोर सोडला.

“मग यंत्रालाच न्या सोबतीला,” ती म्हणाली आणि मागे न बघता रस्त्याला लागली.

दोर सुटल्यामुळे बोट निघाली होती. सोबत्याशिवाय फेरी धरली जात नाही. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. डॉक्टर एक पाय धक्क्यावर आणि एक पाय बोटीवर ठेवून काहीतरी सल्ला देत होते. दोन पायांतलं अंतर वाढत चाललं होतं. पुढच्या क्षणी डॉक्टर बोटीत होते, आणि त्यांची निवड त्यांनी स्वतः केली होती असं म्हणता येणार नाही.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. शीड फुगलं, पाणी चमकलं, साहेबांना आपण तिशीतले आहोत असं वाटलं. मग त्यांनी टॅब पाहिला. नकाशावर बोटीचा निळा ठिपका होता. तो भाजीबाजारात होता.

साहेबांनी चष्मा पुसला. ठिपका बाजारातच. टोमॅटोवाल्यांच्या रांगेत तो हळूहळू पुढे सरकत होता.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, यंत्र बिघडलं. पण साहेबांच्या हातून एकतीस वर्षांत असे शेकडो नकाशे गेले होते, ज्यांत माणसाची विहीर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात निघायची. त्यांनी खोलीत उतरून लॅपटॉप पाहिला. लॅपटॉप म्हणत होता, बोट समुद्रात, धक्क्यापासून एक किलोमीटर पश्चिमेला. टॅब म्हणत होता, बाजारात, धक्क्यापासून एक किलोमीटर पूर्वेला. खात्याचा नियम होता की दोन मोजण्यांत फरक आला तर सरासरी घ्यावी. साहेबांनी सरासरी काढली. तिच्याप्रमाणे बोट धक्क्यावरच होती, अजून निघालीच नव्हती.

“आपण कुठे आहोत?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्यावर काम चालू आहे,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं आली. सुधारणा चालू आहे, दोन टक्के, कृपया बंद करू नका. आता राहिला टॅब. साहेबांनी शांतपणे विचार केला आणि निष्कर्ष काढला, जो फक्त मोजणीखात्यातला माणूसच काढू शकतो.

“अतिक्रमण,” ते म्हणाले. “हा नकाशा जुना आहे. नकाशा झाला तेव्हा इथे बाजार होता. नंतर समुद्राने अतिक्रमण केलं.”

“म्हणजे आपण बाजारावरून चाललोय?” डॉक्टरांनी वाकून पाण्यात पाहिलं.

“तांत्रिकदृष्ट्या.”

टॅबमध्ये नकाशा सरकवायची सोय होती. साहेबांनी अख्खं गाव दोन किलोमीटर पश्चिमेला ओढलं आणि ठिपका पाण्यात आणून ठेवला. इतकी मोठी हद्द दुरुस्ती त्यांच्या खात्यात एका दिवसात कधीच झाली नव्हती.

आता गाव दोन किलोमीटर इकडे आलं तरी बायको आपल्या वाटेनेच चालत होती. बाजार संपवून ती वाचनालयाकडे वळली, म्हणजे उत्तरेला. ठिपका उत्तरेला गेला. साहेबांनी सुकाणू दक्षिणेला वळवलं. ती डावीकडे गेली की साहेब उजवीकडे वळायचे. संसारात एकतीस वर्षं हेच चाललं होतं, त्यामुळे त्यांना यात काही वेगळं वाटलं नाही.

“साहेब, लाल बोया तो काय समोर दिसतोय,” डॉक्टर म्हणाले.

“डोळ्यांना दिसणं हा पुरावा नाही.”

सुदैवाने वाऱ्याला नियम माहीत नव्हते. बोट साहेबांच्या मताविरुद्ध बोयापाशी गेली, त्याला कडेने घासली आणि पलीकडून बाहेर पडली. डॉक्टरांनी पुरावा म्हणून बोयाला हात लावला. लाल रंग ओला होता. तो त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उमटला आणि मग शेवटपर्यंत ते एखाद्या फसलेल्या शस्त्रक्रियेतून पळून आल्यासारखे दिसत राहिले.

बारा वाजता धुकं आलं. आधी क्षितिज गेलं, मग बोया गेला, मग डोलकाठीचं टोक गेलं. साहेब आणि डॉक्टर एकमेकांना दिसत होते, पण त्यात दोघांनाही फारसा आनंद नव्हता. साहेबांनी नजर टॅबवर रोवली. ठिपका थांबला होता. एका जागी. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं.

(त्या वेळी पोस्टबाई चांभाराच्या दुकानात स्टुलावर बसून चपलेचा अंगठा शिवून घेत होत्या आणि सकाळचा प्रसंग त्याला सुरुवातीपासून सांगत होत्या. चांभार विवाहित असल्यामुळे काम सावकाश चाललं होतं.)

“रुतलो,” साहेबांनी जाहीर केलं. “वाळूत.”

“पण पाणी तर बाजूने पळतंय!”

“पाणी पळतंय. आपण नाही. याला प्रवाह म्हणतात.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. रुतलेली बोट सोडवायचा उपाय साहेबांनी कुठेतरी वाचला होता. वजन एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचं. मग डॉक्टर डावीकडे उडी मारायचे, साहेब “आता!” म्हणायचे, आणि डॉक्टर उजवीकडे उडी मारायचे. अगदी खोल, मोकळ्या, निर्मळ पाण्यात एक दंतवैद्य अर्धा तास असा उड्या मारत होता. मध्ये दोनदा ते कडेला वाकले आणि सकाळचा नाश्ता समुद्राला दिला. आश्चर्य म्हणजे त्या अर्ध्या तासात त्यांनी एकही सल्ला दिला नाही.

आणि ठिपका हलला.

“सुटलो!” साहेब ओरडले. डॉक्टरांनी त्यांना मिठी मारली. मग साहेबांनी टॅबवरचा वेग पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वेग ताशी चाळीस किलोमीटर!

(पोस्टबाईंनी दुकानाच्या दारातून धुकं पाहिलं होतं. राग जागेवर होता, पण शिवण पुरी होताच त्या उठल्या. नवऱ्याला चारदा फोन लावला, तो उड्यांच्या धडधडीत बोटीत कुणाला ऐकू गेला नाही, मग लेकीला लावला, आणि बंदराकडे जाणारी बस पकडली.)

“डॉक्टर, घट्ट धरा! वादळी वारा!”

वारा कुठेच नव्हता. शीड ओल्या चादरीसारखं लोंबत होतं. बोट इतकी निवांत होती की कडेवर एक समुद्रपक्षी येऊन बसला आणि झोपला. पण आकडा म्हणत होता चाळीस, आणि साहेबांनी जन्मात कधी आकड्याचा शब्द मोडला नव्हता. दोघं डोलकाठीला कवटाळून बसले.

“वाटत नाही हो चाळीस,” डॉक्टर डोळे मिटून म्हणाले.

“पृथ्वी फिरते ते तरी कुठे वाटतं? शीड उतरवा!”

शीड उतरलं. ते डॉक्टरांवर उतरलं. आतून त्यांचा आवाज येत राहिला. इकडे ठिपका दर दोन मिनिटांनी थांबायचा आणि पुन्हा सुटायचा. समुद्र असा थांबत थांबत का जातो, याचा साहेब विचार करत असताना बरणी वाजू लागली.

बरणीत फोन नाचत होता आणि पडद्यावर लेकीचं नाव दिसत होतं. साहेबांनी झाकण पिळलं. फिरेना. डॉक्टर शिडाखालून बाहेर आले. त्यांनी बरणी दोन गुडघ्यांत धरली, खिशातून एक बारीक आकडी काढली, “थोडंसं दुखेल” असं सवयीने म्हणाले, आणि चिकटपट्टी कापून झाकण मुळासकट उपटलं.

“बाबा! कुठे आहात?”

“टॅबप्रमाणे...”

“टॅब राहू द्या! बाबा, टॅबला आईचा फोन जोडलाय. आई तर खाली उतरली ना? तो ठिपका तुम्ही नाही. तो ठिपका आई आहे.”

लाटेने बोट हळूच उचलली आणि खाली ठेवली. टोमॅटोची रांग, वाचनालय, ती वाळू, ते वादळ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. सकाळपासून आपण समुद्रात नव्हतोच. सकाळपासून आपण बायकोच्या मागे मागे बाजार फिरत होतो.

“बाबा, ऐकताय ना? ती तुमच्याकडेच निघालीय. बंदरावर.”

साहेबांनी ओढलेलं गाव पुन्हा जागेवर ठेवलं, तेव्हा मघाची वाळू चांभाराच्या दुकानावर जाऊन बसली, आणि त्यांनी टॅब मांडीवर घेतला. ठिपका बंदराच्या फाटकाशी थांबला. मग कचेरीत गेला. तिथे बराच वेळ थांबला, कचेरीत लागतो तेवढा. मग बाहेर आला आणि धक्क्यावरून चालू लागला, भराभर, जवळजवळ धावतच, आणि धक्क्याच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढे नकाशावर फक्त निळं पाणी होतं. घड्याळात एक एक्कावन्न झाले होते.

एवढासा निळा ठिपका. हातात पिशवी असेल, नव्या शिवलेल्या चपला असतील. सकाळी आपण जे बोललो त्यानंतरही ती तिथे उभी आहे, आणि आपल्याला ती दिसत नाही. साहेबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. हिरव्या शटरपाशी एकदा तरी डावीकडे वळायला काय हरकत होती, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना स्वतःची चक्क लाज वाटली.

“हिरड्या?” डॉक्टरांनी त्यांचा चेहरा पाहून हळूच विचारलं.

“नाही,” साहेब म्हणाले. “धुकं गेलं डोळ्यात.”

आणि तेव्हा घंटा ऐकू आली.

बंदर कचेरीच्या भिंतीवर पितळेची एक मोठी घंटा होती. तिच्याखाली पाटी होती, ‘लेखी अर्जाशिवाय वाजवू नये’. त्यामुळे ती गेल्या कित्येक वर्षांत वाजली नव्हती. पण अठ्ठावीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला अर्जाची कसली भीती? पोस्टबाईंनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला, कारण ‘नवरा’ असं घातलं, मॅडमकडून दोन शिक्के मारून घेतले, घंटा भिंतीवरून उतरवून धक्क्याच्या टोकाला नेली आणि सकाळपासूनचा सगळा राग तिच्यावर काढायला सुरुवात केली.

साहेबांनी खिशात हात घातला. खात्यातलं जुनं होकायंत्र, जे सवयीने रोज शर्टाबरोबर अंगावर चढायचं, ते बाहेर काढलं. कान देऊन आवाजाचा रोख धरला, काटा पाहिला. ईशान्य, किंचित पूर्वेला. या एका गोष्टीत त्यांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता, फक्त सकाळपासून ते विसरले होते.

“डॉक्टर, वल्ही!”

दोघांनी वल्ही मारली. घंटा डावीकडे सरकली की साहेब डावीकडे वळत. उजवीकडे सरकली की उजवीकडे. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती सांगेल तिकडे ते वळत होते, आणि कुणाच्याही गोठ्यात जात नव्हते. हळूहळू धुक्यात एक पिवळी छत्री दिसली, मग पिशवी, मग ती. बोट धक्क्याला टेकली आणि त्याच क्षणी खोलीतून लॅपटॉपचा आवाज आला. सुधारणा पूर्ण झाली होती, शंभर टक्के. लॅपटॉप म्हणाला, आपण धक्क्यावर आहात.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

“दोर फेका,” बायको म्हणाली. साहेबांनी निमूट फेकला. तिने तो खुंट्याला बांधला. साहेबांना बरंच बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, “चप्पल छान शिवलीय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“बरोबरच होतो ना मी,” साहेब म्हणाले.

कचेरीत मॅडमनी टॅबमधली नोंद पाहिली. बोट दहाला धक्क्यावरून निघून भाजीबाजारात शिरली होती, वाचनालयात गेली होती, चांभाराकडे पन्नास मिनिटं थांबली होती आणि बसमार्गाने परतली होती. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“मार्गाबद्दल रकाना नाही,” त्या म्हणाल्या. “बोयाला वळसा घातला याची, बोटीवर जो सोबती होता त्याची सही हवी.”

आता सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द फिरवला असता तर जागा त्यांची होती. डॉक्टरांनी आपल्या लाल शर्टाकडे पाहिलं, खिडकीतून समुद्राकडे पाहिलं, आणि सही केली. मग दुसरा कागद मागून घेतला आणि प्रतीक्षायादीतलं आपलं नावही काढून टाकलं. “मला जागा नको,” ते म्हणाले. “मला खुर्ची हवी. न हलणारी.”

“आणि नोंदीप्रमाणे साधन परत आलं एक एक्कावन्नला,” मॅडम शिक्का उचलत म्हणाल्या. “दोनच्या आत. उत्तीर्ण.”

शिक्का खाली येणार, तेवढ्यात साहेबांनी त्याच्याखाली हात ठेवला. कागदावर आहे ते खरं, असं त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं. पण हे खरं नव्हतं, आणि ते अंगाशी घेऊन त्यांना झोप आली नसती.

“मॅडम, ती नोंद माझी नाही. मी दोन वीसला आलो. एक एक्कावन्नला आली ती माझी बायको. टॅबला काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. जागा गेली तर गेली.” त्यांनी पेन घेतलं आणि दिशादर्शक साधनाच्या रकान्यातला ‘टॅब’ हा शब्द खोडला. ‘इतर’ पुढे जागा नव्हती, म्हणून समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘पत्नी’.

बायको छत्रीवरचं धुक्याचं पाणी झटकत होती. ती झटकायची थांबली.

मॅडमनी कागद जवळ घेतला. नियमांची वही उघडली. बराच वेळ वाचलं.

“लोक काहीही समजोत, वहीत ‘साधन दोनच्या आत धक्क्यावर हवं’ एवढाच नियम आहे. बोटीबद्दल काही म्हटलेलं नाही. साधन एक एक्कावन्नला धक्क्यावर होतं. मी स्वतः पाहिलं, त्याने माझ्याकडे घंटेचा अर्ज केला.” त्यांनी शिक्का मारला. मग काहीतरी आठवून पेन पुन्हा उचललं. “फक्त एक बाब राहिली. साधन कायमस्वरूपी बसवलेलं आहे का?”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नाही, एवढं ते त्या एका दिवसात शिकले होते.

पोस्टबाईंनी टेबलावरचा टॅब उचलला, उलटा केला, मागच्या लाकडावरच्या एकवीस वर्षांच्या चिरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “आधी माझा भाजीचा फळा सुटा करून द्यायला सांगा. मग लिहा, आहे म्हणून.”